माळ्यावरचे मखर

आपल्या लोकांच्या आचारात एक विसंगती आहे. ती इतकी डोळ्यांसमोर असते की तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण मातीची मूर्ती घरी आणतो, तिची प्राणप्रतिष्ठा करतो, दीड, पाच, सात किंवा दहा दिवस तिला घरातल्या वडीलधाऱ्यासारखे मानतो, आणि ठरल्या दिवशी, डोळ्यांत पाणी असले तरी हात न कापता, तिला पाण्यात सोडतो. जिच्यात प्रत्यक्ष देवाचे आवाहन झाले ती मूर्ती आपण ठेवीत नाही. आणि ज्यांत कसलेही आवाहन झालेले नाही त्या वस्तू, ती पुठ्ठ्याची कमान, ती बेगडाची फुले, ते काचेच्या मण्यांचे तोरण, वीस वर्षांपूर्वी आणलेली ती दिव्यांची माळ, हे सारे जुन्या धोतरात गुंडाळून आपण पत्र्याच्या पेटीत भरतो आणि माळ्यावर चढवतो. देवाला निरोप देता येतो. मखराला देता येत नाही. हे असे का व्हावे, आणि ते योग्य की अयोग्य, ह्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. पुठ्ठा तो काय आणि त्यावर विचार तो काय! परंतु जुने बिऱ्हाड मोडून नवे थाटण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, कौलारू घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ज्यांनी संसार हलविला आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते तत्काळ समजेल. पलंग विकताना कोणी रडत नाही. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालताना वजनाचा आणि भावाचा हिशेब होतो. पण ती पेटी खाली उतरली आणि मुलाने सहज विचारले, "आई, हे आता टाकायचे ना?" की घरात जी शांतता पसरते ती क्षुल्लक गोष्टीची नसते. आमच्या इंदुरात तर टाकणे हीही आता विचाराने करण्याची क्रिया झाली आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ओळीने कैक वर्षे पहिला आलेला हा गाव. रोज दारी गाडी येते, ओले वेगळे आणि सुके वेगळे करून द्यावे लागते. बेगडाचे फूल कोणत्या डब्यात घालावे हे तिथे सांगितलेले आहे. ते मुळात घालावे की नाही, हे सांगणारा कोणी नाही.

ही केवळ आपलीच गोष्ट आहे असेही नाही. नाताळात ख्रिस्ती घरांतून जे झाड उभे राहते त्याचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ही चाल मूळची जर्मन मुलुखातली. राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन पती आल्बर्ट आणि त्यांची मुले अशा झाडाभोवती उभी असल्याचे चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले, आणि त्यानंतर इंग्लंडात ती घरोघर पसरली. झाड खरे, तोडून आणलेले. ६ जानेवारीच्या सुमारास सण आटोपला की ते बाहेर टाकायचे. त्यावर टांगलेले काचेचे गोळे मात्र, जे थुरिंगियातल्या लाउशा गावचे कारागीर फुंकून करीत, कापसात गुंडाळून जपायचे. पुढे एकोणिसाव्या शतकातच जर्मनीत हंसाची पिसे हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून कृत्रिम झाडे करण्यात येऊ लागली. जंगले उजाड होण्याची काळजी हे त्यामागचे एक कारण होते. म्हणजे कृत्रिम झाड जन्मास आले ते काटकसरीपोटी. परंतु गंमत अशी की, जिथे दरवर्षी खरे झाड येते तिथे झाडाला निरोप देताना कोणाला फारसे वाईट वाटत नाही. आणि जिथे कृत्रिम झाड आहे तिथे ते तीस-तीस वर्षे टिकते, त्याच्या तारा वाकतात, पाने झडतात, बाजारात नवे भरघोस झाड मिळत असतानाही तेच पुन्हा उभे केले जाते. आमच्या परिचयाच्या एका ख्रिस्ती कुटुंबात असे एक झाड आहे. एका बाजूस त्याला फांद्याच उरलेल्या नाहीत. ती बाजू भिंतीकडे करून ठेवतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नाताळाचा गोठो मांडतात, त्यातली मातीची मेंढरे आणि राजे वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवतात. एखाद्या मेंढराचा पाय मोडलेला असतो. ते गवतात बसविले की झाले. देवघर निराळे, पण माळ्यावरची पेटी तीच.

आपल्या पूर्वजांना ही ओढ ठाऊक नव्हती असे नाही. उलट तिच्यासाठी त्यांनी जागाच ठेवली आहे असे आम्हांस वाटते. गोव्याची माटोळी पाहा. चवथीला मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंजन, चिबूड, काकड्या आणि रानातल्या नाना जातींची फळेपाने बांधतात. त्यासाठी माणसे रानोमाळ हिंडतात, कुणाच्या माटोळीत कोणते दुर्मीळ फळ आले ह्याची चर्चा गावभर होते. विसर्जनानंतर फळे उतरवून वाटून टाकतात. चौकट तेवढी राहते. जे सुंदर ते नाशिवंत, आणि जे टिकाऊ ते अगदी साधे, चार काठ्यांचे. आपल्या काही घराण्यांतील खड्यांच्या गौरी ह्याच विचाराच्या. नदीवरून किंवा विहिरीवरून पाच-सात खडे आणायचे, अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, आणि खडे पुन्हा पाण्यात. मागे काही उरत नाही. त्याच गौरी दुसऱ्या घराण्यांत पितळेच्या मुखवट्यांनी येतात. सासूकडून सुनेकडे, तिच्याकडून तिच्या सुनेकडे जातात, आणि त्यांच्या नाकातली नथ कुणी घातली ह्याच्या कथा घरात चालत राहतात. दोन्ही रीती शिष्टसंमत आहेत. धर्माने ह्या बाबतीत एकच वाट आखून दिलेली नाही. देवाचे काय करायचे हे सांगितले. मखराचे काय करायचे हे घरच्यांवर सोडले.

ह्या मायेचे घराबाहेरचे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे, उदाहरण ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात यावे. वस्तीचे नावच सांगते की इथे परमुलखातून आलेली माणसे राहिली. कापडमिलच्या भोंग्यावर ही वस्ती उठे आणि निजे. मालवा, हुकुमचंद, कल्याण, स्वदेशी, राजकुमार ही मिलांची नावे इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून अशी येतात, जणू ती त्यांच्या आजोळच्या गावांची नावे. अनंत चतुर्दशीच्या रात्री ह्या मिलांच्या झांक्या निघतात. मोठाल्या गाड्यांवर उभारलेले पौराणिक प्रसंग, हलते पुतळे, फिरती चाके, दिव्यांच्या माळाच माळा, पुढे लाठी-तलवारीचे खेळ करणारे आखाडे, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस रात्रभर जागणारा सारा माळवा. शंभर वर्षांच्या ह्या परंपरेचा आरंभ हुकुमचंद मिलपासून झाला असे सांगतात.

पुढे मिल एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी बंद झाली आणि कामगारांची देणी अडकली. ती मिळावयास किती काळ लागावा? २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने नाताळच्याच दिवशी, सुमारे ४८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. मधल्या तीस वर्षांत कित्येक कामगार वारले. त्यांच्या विधवांनी हेलपाटे घातले. वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे तीस वर्षे हे शब्द लिहिताना आम्हांस जे वाटते ते इथे लिहीत नाही. तो विषय निराळा. सांगावयाचे ते असे की, त्या तीस वर्षांत, साथीच्या काळातला खंड सोडला तर, बंद पडलेल्या मिलच्या नावाची झांकी निघतच राहिली. वर्गणी गोळा करून, नगरातल्या संस्थांकडे मदत मागून, ज्यांना स्वतःचा पगार मिळालेला नव्हता त्यांनी ती काढली.

व्यवहारी मनुष्य विचारील की हा काय वेडेपणा? ज्या मिलने तुमचा पैसा दिला नाही तिचे नाव दिव्यांनी लिहून तुम्ही ते गावभर मिरवता? हा प्रश्न आम्ही परदेशीपुऱ्यात एकाहून अधिक जणांना विचारला आहे, आणि शब्द वेगवेगळे असले तरी उत्तर एकच मिळाले. मिल मालकाची होती, झांकी आमची होती.

ह्या उत्तरावर आम्ही बराच विचार केला. मागवाल्याने आयुष्यभर जे कापड विणले त्यातला एक वारही त्याचा नव्हता. त्याचे मोल ठरलेले होते, ते हातात पडले (किंवा पडले नाही), आणि कापड कुठल्या कुठे निघून गेले. पण पाळी संपल्यावर, जेवून-खाऊन परत येऊन, रात्री दोन वाजेपर्यंत जागून त्याने हनुमंताची शेपटी हलती केली, ती कुणी मजुरी देते म्हणून नव्हे. हाताने केलेल्या आणि कधी विकल्या न गेलेल्या कामांत त्याचे असे तेवढेच होते. त्याची किंमत लावली गेली नाही, म्हणून ती चुकतीही झाली नाही. आमच्या मते सणाच्या सजावटीवर जी माया जडते तिचे मूळ इथे आहे. घरात आपण ज्या शेकडो वस्तू वापरतो त्या आणलेल्या असतात. मखर केलेले असते. बाजारातून कमान विकत आणली तरी ती उभी करण्यात वडिलांनी ज्या शिव्या हासडल्या, काकांनी जी तार उलटी जोडली, धाकट्या भावाने जो खळीचा डबा पालथा केला, ते सारे बिनमजुरीचे श्रम त्या कमानीला चिकटलेले असतात. देवाची मूर्ती आपण पाण्यात सोडू शकतो, कारण ती आपली नाहीच. ती आली आणि गेली. मखर सोडवत नाही, कारण त्यात आपलेच हात आहेत.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्याने मैत्रेयीला जे सांगितले त्याचा आशय सर्वांना ठाऊक आहे: वस्तू वस्तूसाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी प्रिय असते. ते वचन फार उंचावरचे. त्याला पुठ्ठ्याच्या मखराशी आणून बांधणे धार्ष्ट्याचे होईल. तरी त्याची सावली इथवर पडते असे म्हणावयास हरकत नसावी.

मात्र इथेच थांबलो तर आम्ही माळ्यावरच्या सर्व पेट्यांना अभय दिल्यासारखे होईल, आणि तसा आमचा मुळीच हेतू नाही. झांकीविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मिलचे कामगार गतसालची झांकी जशीच्या तशी जपून ठेवीत नाहीत. ती मोडतात. चाके, दिवे, उपयोगी पडेल तो सांगाडा बाजूस काढतात आणि पुढल्या वर्षी नवा प्रसंग उभा करतात. त्यांनी जपले आहे ते करणे. आपण पेटीत जपतो ती केलेली वस्तू. ह्या दोन जपण्यांत जे अंतर आहे ते लहान नव्हे.

एका वाटणीच्या प्रकरणात हे अंतर आम्हांस फार जवळून पाहावयास मिळाले. परदेशीपुऱ्यातले जुने घर. वडील मिलमध्ये होते, ते वारले. दोघे भाऊ आणि त्यांची आई. घर विकून पैसे वाटून घ्यावयाचे ठरले. दोघेही समंजस. दागिने, भांडी, बँकेतली ठेव, सारे दोन बैठकांत मिटले. राहिली ती एक पेटी. तिच्यात वडिलांनी केलेले मखर होते. मिलमध्ये टाकून दिलेल्या लाकडी बॉबिनी सोनेरी रंगवून त्यांचे चार खांब केलेले, वर पुठ्ठ्याची महिरप, तीवर आरशाचे तुकडे. वाचकांस वाटेल की दोघांनाही ते हवे होते. तसे नव्हते. दोघांच्याही नव्या घरांत त्याला जागा नव्हती, आणि वडिलांच्या पश्चात अकरा वर्षांत ते एकदाही मांडले गेले नव्हते. थोरला नवे विकत आणी. धाकट्याच्या घरी गणपती येतच नसे. परंतु थोरला म्हणे, "मी नेत नाही, पण तू टाकायचे नाही." आणि धाकटाही नेमके तेच म्हणे. दोघांपैकी एकालाही ते नको होते आणि दोघांनाही दुसऱ्याने ते टाकणे असह्य होते.

कायद्याने ह्या गोष्टीचा विचार केलेला नाही असे नाही. काही अंतरापर्यंत केला आहे. काही वस्तू वाटणीच्या नव्हेत हे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आले आहे, आणि पुढे हिंदू कायद्यात हे स्थिर झाले की कुळदेवतेची मूर्ती आणि पूजास्थान ह्यांची वाटणी होत नाही. पूजेच्या पाळ्या लावाव्या, किंवा मूर्ती एकाकडे ठेवून इतरांचा पूजेचा हक्क राखावा. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तर असेही म्हटले की घरची देवमूर्ती ही निव्वळ जंगम वस्तू नव्हे, आणि तिने कुठे राहावे ह्याबद्दल तिच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे. १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टात, पैशाने जिची भरपाई होत नाही अशी वस्तू परत मिळविण्याचा हक्क सांगताना जे उदाहरण दिलेले होते तेही घराण्याच्या देवमूर्तीचेच. १९६३ च्या कायद्यात ते उदाहरण राहिले नाही; तत्त्व आठव्या कलमात राहिले. पण हे सारे देवाविषयी झाले. मखर देव नव्हे, देवस्वही नव्हे. त्याची पाळी लावता येत नाही, आणि बाजारात त्याला चार आणेही यावयाचे नाहीत. कायद्याच्या तराजूत ते पारड्याला हलवीतही नाही. आणि त्याच्यामुळे दोन भाऊ सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

आता प्रश्न असा की त्या दोघांची ही भावना कोणती? आम्ही तिला प्रेम म्हणणार नाही. प्रेमाने अकरा वर्षांत एकदा तरी पेटी उघडली असती. आम्ही तिला भय म्हणू. आणि ते भय वडिलांविषयीचे नसून स्वतःविषयीचे आहे, की टाकणारा मी ठरू नये. अशा भयाला आपण स्मृतीचे गोड नाव देतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात संगापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह आणि संमोहापासून स्मृतीचा भ्रंश अशी उतरंड सांगितली आहे. तिथला स्मृती हा शब्द घरगुती आठवणींपुरता नव्हे हे आम्ही जाणतो. तरीही संग स्मृतीला राखत नाही, नासवतो, हे वाचताना आम्हांस त्या बंद पेटीची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. कारण जेव्हा ती अखेर उघडली तेव्हा महिरपीवरची मोरांची जोडी वडिलांनी काढली की आत्याने, ह्यावरच दोघांचे एकमत होईना. इतकी वर्षे जपलेल्या वस्तूविषयी जपणाऱ्यांस माहिती ती एवढीच! त्या वाकलेल्या नाताळच्या झाडाची गोष्ट ह्याउलट. ते दरसाल उभे राहते, म्हणून त्याची कोणती फांदी कोणत्या वर्षी कोणत्या मांजराने मोडली हे त्या घरातले शेंबडे पोरही सांगते.

आसक्तीचे नाव निघाले की आपल्याकडे जडभरताचा दाखला देण्याची रीत आहे. हरिणाच्या पाडसावर जीव जडला आणि राजर्षीला पुढचा जन्म हरिणाचा घ्यावा लागला. कीर्तनकार ह्या कथेतून पाडसालाच जणू दोषी ठरवितात. आम्हांस तसे वाटत नाही. पाण्यात वाहून जाणारे पाडस उचलणे हा धर्मच होता. पाडस मोठे झाले, त्याला रानात जायचे होते, आणि राजाचे मन त्याला जाऊ देईना, इथे कथा वळते.

ह्या नियतकालिकाच्या वाचकांपुढे आणखी एक गोष्ट मांडावीशी वाटते, कारण ती त्यांच्याच पूर्वजांची आहे. १५६० साली कुठ्ठाळीहून मंगेशाचे लिंग अघनाशी म्हणजे जुवारी ओलांडून प्रियोळला नेण्यात आले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला. रात्रीच्या होडीत किती सामान मावते? देव नेले. देवळे मागे राहिली, आणि देवळांबरोबर समया, कोरलेले खांब, पालख्या, उत्सवांचे सारे वैभव मागे राहिले. नव्या जागी आधी साध्या आसऱ्यात पूजा सुरू झाली. आज दिसणारी भव्य देवालये पुष्कळ नंतरची, कवळ्याचे तर अठराव्या शतकातले. त्याच काळाशी जोडली जाणारी एक रीत गोव्यातील काही घराण्यांत अजून आहे: चवथीला मातीची मूर्ती न आणता पत्रीची किंवा कागदावर काढलेल्या गणपतीची पूजा करतात. जप्तीला आलेल्यांच्या नजरेतून लपविता यावा असा तो देव. ज्यांनी हे सोसले त्यांना मखराची माया नव्हती असे कोण म्हणेल? परंतु होडीत काय ठेवायचे हे त्यांना ठरवावे लागले आणि त्यांनी ते ठरविले. आपल्यावर तसा प्रसंग नाही, म्हणून आपण ठरवीतच नाही; माळे भरत राहतात.

आणि न ठरविण्याचा भार कोणावर पडतो? पुढच्यांवर. आमच्या मते ह्या प्रश्नाचे खरे नैतिक अंग हेच आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात चौदावे कलम आहे, आणि मृत्युपत्रांसाठी १९२५ च्या वारसा कायद्यात तशाच अर्थाचे एकशे चौदावे. त्यांचा मथितार्थ असा की, हयात माणसांचे आयुष्य आणि त्यापुढे एका अज्ञानाचे सज्ञान होणे, ह्या मुदतीपलीकडे कोणालाही आपली मालमत्ता बांधून ठेवता येत नाही. मृताच्या हाताने जिवंतांचे हात बांधू नयेत, हा त्यामागचा विचार. जमिनीला जर हे लागू, तर भावनेला का नसावे? बॉबिनींचे खांब रंगविणाऱ्या त्या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी एक उत्सव ठेवला होता. त्याची जोखीम त्यांची त्यांनी करून घेतली. पण उद्या ते भाऊ ती पेटी न उघडता आपल्या मुलांच्या स्वाधीन करतील, तर त्या मुलांना आजोबांचा उत्सवही मिळणार नाही आणि पेटी टाकण्याचे पाप मात्र वारशाने मिळेल. सून-मुलगा जुने मखर काढून टाकतो म्हणतात तेव्हा ते कृतघ्न आहेत असे चटकन म्हणू नये. त्यांना ते करावयास कोणी शिकविले होते काय, हे आधी पाहावे. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा अनेक घरांतून हळहळ झाली. आणि नंतर त्यांपैकी पुष्कळ घरांत, बाजारात तयार काही मिळेना म्हणून, मुलांनी बसून कागदाची मखरे केली. ती मखरे जुन्या थर्माकोलच्या मखराहून कुरूप होती असे आम्ही ऐकतो. असतील.

आमच्या ह्या विचारात एक उणे आहे, ते लपवीत नाही. जो करू शकतो त्याने करावे, नुसते साठवू नये, हे म्हणणे ठीक. पण जिचे हात आता थकले आहेत तिने काय करावे? तिला माळ्यावर चढता येत नाही, मुले दुसऱ्या गावी, गणपती मोठ्याकडे गेलेला. तिच्याजवळ करणे उरलेले नाही, केलेलेच उरले आहे. तिची पेटी ही आळशाची पेटी नव्हे. तिला वैराग्याचे पाठ देणारा मनुष्य आम्हांस फारसा आवडत नाही, मग तो स्वामी असो की सून.

त्या दोन भावांच्या आईने शेवटी जे केले ते इथे सांगतो. ती एके दिवशी स्वतः आली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, मखर मृत्युपत्रात घालता येईल का?" आम्ही म्हटले, "काकू, द्यायचे कोणाला ते घालता येईल. त्यांनी मांडायचे की नाही, ते घालून उपयोग नाही." त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तर मग कोणी काय केले तेवढे लिहून घ्या. पुढे ठेवा नाही तर टाका." दुसऱ्या रविवारी तिच्या घरी पेटी उघडली. दोन्ही मुलगे होते. धाकट्याची मुलगी वही घेऊन बसली होती. एकेक तुकडा हातात घेऊन काकू सांगत गेल्या: हे खांब ह्यांनी १९८४ साली, मिलला सुट्टी होती तेव्हा रंगवले, हे आरसे शेजारच्या बाईच्या फुटलेल्या आरशाचे, हे झालर शिवलेले माझ्या सासूबाईंनी, चष्म्याशिवाय, म्हणून टाके वाकडे. मुलगी लिहीत होती आणि मध्येच विचारी, सासूबाई म्हणजे कोण? मोरांची जोडी निघाली तेव्हा थोरला म्हणाला, बाबांनी काढली. धाकटा म्हणाला, आत्याने. काकूंनी ती उलटीपालटी करून पाहिली, मागची बाजू खिडकीकडे धरली, आणि म्हणाल्या, "एक ह्यांनी काढला. दुसरा मी काढला होता. तुमच्या कोणाच्या लक्षात कसे आले नाही, ह्याची मान बघा केवढी जाड झाली आहे."